बटण दाबणारा हात

दसरा झाला की दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात झेंडू यायला लागतो. हारातून नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटातून. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला की पंख्याच्या पात्यांत अडकलेल्या पाकळ्या खाली पडतात, त्यांच्या मागून अक्षता, आणि सगळ्यात शेवटी कुंकू. मदरबोर्डवर कुंकवाची बारीक लाल धूळ बसलेली असते. सुरतेतल्या आमच्या लिंबायतात दसऱ्याला सगळ्याच हत्यारांची पूजा होते. लूमवाला लूमला, म्हणजे यंत्रमागाला, हार घालतो, रिक्षावाला रिक्षाला. मग ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे त्यानं मागं का राहावं? तो मशीन चालू करतो, म्हणजे देवाला दिसावं की हे जिवंत आहे, आणि नेमकी हवा ओढणाऱ्या जाळीसमोर फुलं वाहतो. पंखा समोर येईल ते ओढतो, त्याला काय कळतं. दुसऱ्या दिवशी माणूस माझ्या दारात उभा. "ताई, काल चांगला चालत होता. पूजा केली आणि बंद पडला."

मग दिवाळी. बाजारातले शेठ लोक पूर्वी वह्यांची पूजा करायचे, आता लॅपटॉप उघडून त्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात. तोही ओल्या कुंकवाचा. मी कपाळावर हात मारते आणि कापूस घेऊन बसते. आणि त्यानंतर लाभपाचम, दिवाळीनंतर धंदा उघडायचा मुहूर्त. त्या सकाळी मशीन चालू झालंच पाहिजे, मग वर्षभर रडलं तरी चालेल. दसरा ते लाभपाचम हे माझ्या धंद्याचे खरे दिवस. माझे जळायचे दिवसही हेच. हो, जळायचेच. मी आडपडदा ठेवून बोलणारी बाई नाही.

यंदाचं पहिलं मशीन परवा आलं. ब्रश घेऊन पाकळ्या काढायला बसले आणि गेल्या वर्षीचा हाच मोसम समोर उभा राहिला. हात चालत होता, डोकं मात्र तिकडंच.

माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत. सगळे त्यांना आक्का म्हणतात, मीही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हार्डवेअरचा कोर्स करून आले होते. उधन्याच्या त्या क्लासात मी एकटीच मुलगी. सासऱ्यांनी कौतुकानं रस्त्याकडची खोली मला दिली, तिला शटर लावून दिलं. माझा नवरा पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये, जेठ, म्हणजे आक्कांचे मालक, लूमवर. दोघे पाळीला गेले की मी पुढं मशिनं उघडून बसायची आणि आक्का माझ्याच शेजारी गोणपाट अंथरून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. बाजारातून साड्यांचे गठ्ठे यायचे, गमाचा डबा, टिकल्यांच्या पुड्या. दुकानात येणाऱ्याला एका बाजूला उघडी मशिनं दिसायची आणि दुसऱ्या बाजूला चकाकणारा पदर. आक्का सातवी शिकलेल्या. कॉम्प्युटरमधलं त्यांना एकच ठाऊक होतं, चालू करायचं बटण. बाकी काही विचारलं की आपल्या अहिराणीत म्हणायच्या, "माले काय समजस त्यामा?" मला काय कळतंय त्यात. आणि पुढची टिकली उचलायच्या.

आणि नेमकं तेच बटण माझ्या नशिबाला आलं.

झालं असं. एका गिऱ्हाइकाचं मशीन काही केल्या सुरू होत नव्हतं. सुरतेची हवा दमट, त्यात आमच्या भागात लूमची बारीक तूस, म्हणजे धाग्यांची धूळ, उडते, ती आत जाऊन बसते आणि रॅमच्या सोनेरी दातांवर काळा थर चढतो. मी रॅम काढली, शाळेच्या खोडरबरानं घासली, खाचा साफ केल्या, सगळ्या तारा काढून पुन्हा बसवल्या. गिऱ्हाईक समोर बसून घड्याळ बघतंय. शेवटची तार लावली तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. मी पळता पळता म्हटलं, "आक्का, जरा बटण दाबा हो." आक्कांनी गम लागलेलं बोट पदराला पुसलं आणि दाबलं. मशीन सुरू. मी पातेलं उतरवून बाहेर येते तो गिऱ्हाईक आक्कांकडे देवळातल्यासारखं बघतंय. "या बाईंच्या हाताला यश आहे."

माझे हात तेव्हा दुधानं भाजले होते. खरं सांगायचं तर तिथूनच ठिणगी पडली.

लोकांना शेवटचं बोट दिसतं. आधी कुणी घाम गाळला, कुणी काय घासलं, कुणी कुठली पट्टी ओढून पाहिली, हे दिसायला डोळे लागतात, आणि गिऱ्हाइकाचे डोळे पडद्यावर असतात. पडदा उजळला त्या क्षणी बटणावर ज्याचं बोट, तो शहाणा. मी हे कितीदा समजावलं. एका मास्तरांना तर मी रॅम हातात देऊन दाखवली, म्हटलं बघा, हा काळा डाग होता, तो मी काढला. मास्तर म्हणाले, "ते बरोबर आहे, पण चालू आक्कांनीच केलं ना?"

मग ते पसरलं. लोक मशीन टेकवतानाच विचारायचे, आक्का आहेत का घरात? त्या गावी लग्नाला गेल्या असल्या तर म्हणायचे, राहू द्या मग, त्या आल्या की या मशीनला हात लावा. मी काय होते, भिंत? शेजारच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्यानं तर मोबाईल आणून आक्कांपुढं धरला. "आक्का, फक्त हात लावा." आणि आक्का हसून हात लावायच्या, हेच मला जास्त झोंबायचं. नको म्हणायच्या नाहीत. गमाच्या बोटानं टचकन दाबायच्या आणि पुन्हा टिकलीकडे.

मी चोरून त्यांचे हात बघायची. भरलेले, गोरटेले, मनगटात हिरव्या बांगड्या. टिकल्यांमुळे बोटांच्या टोकांना सतत काहीतरी चमचमत असायचं. माझे हात कॅबिनेटच्या पत्र्यानं कापलेले. स्वस्तातल्या कॅबिनेटची आतली धार विळ्यासारखी असते, ते आत हात घालणाऱ्यालाच कळतं. नखांत प्रोसेसरवर लावायची करडी पेस्ट, घासूनही न जाणारी. जेवायला बसलो की नवरा गमतीनं म्हणायचा, "वहिनी, भाजीला तुमचा हात लागलाय वाटतं." मी म्हणायची, भाजी मी केलीय. मग तो म्हणायचा, "हो का? मग वहिनींनी वाढली असेल." आणि सगळे हसायचे, जेठ तर ठसका लागेपर्यंत. मीही हसायची. आत काय होत होतं ते माझं मला माहीत.

सगळ्यात मोठी पंचाईत वेगळीच होती. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा आक्कांनी बटण दाबावं आणि मशीन थंड राहावं. पण ते मशीन मी दुरुस्त केलेलं असणार ना? आक्कांचा हात खोटा पडायचा तर आधी माझं काम खोटं पडलं पाहिजे. रॅम अर्धवट बसवून ठेवावी असं मनात आलं नाही असं नाही. पण हाताला सवय नाही हो तशी. खाचेत रॅम गेली की दोन्ही बाजूंचा 'टक' ऐकल्याशिवाय माझा अंगठा उचलतच नाही. म्हणजे मीच माझ्या सवतीला दूध पाजत होते म्हणा. जाऊ आणि सवत यांत काही अंतर असतं, पण त्या दिवसांत मला ते फारसं दिसत नव्हतं.

लाभपाचमला या सगळ्यावर कळस चढायचा. आमचे एक मोठे गिऱ्हाईक आहेत, कांतीभाई. साडीवरच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढून देतात, त्याला इथं पंचिंग म्हणतात. त्या डिझाइनवर भरतकामाची मोठमोठी मशिनं चालतात. त्यांच्या ऑफिसात मुहूर्ताला मुख्य कॉम्प्युटरची पूजा व्हायची आणि बटण आक्का दाबायच्या. आम्ही दोघी जायचो. मी आदल्या दिवशीच जाऊन सगळं तपासून आलेली असायची. तरी मुहूर्ताला मला कोपऱ्यात पिशवी धरून उभं राहायचं, आणि आक्का पैठणीसारखी दिसणारी साडी नेसून पुढं. पडदा उजळला की कांतीभाई म्हणायचे, "हाथ तो आक्कानो ज." हात तो आक्कांचाच. पेढा पहिला त्यांना. साडी त्यांना. मला विचारायचे, "बेन, चा पीशो?" ताई, चहा घेणार का.

परतताना रिक्षात आक्का पेढा अर्धा करून मला द्यायच्या. मी घ्यायची नाही. मग त्या तो खाऊनही टाकायच्या, अगदी चवीनं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात जेठ गेले. छातीत दुखतंय म्हणून पाळी अर्धी टाकून घरी आले, दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं होतं. चांगला माणूस होता. माझ्या दुकानाच्या शटरला दर दिवाळीला तेल तेच घालायचे. सगळं गावाकडे उरकून आम्ही परत आलो. दुकान उघडलं, गठ्ठे आले, टिकल्या आल्या. आक्कांनी मात्र गोणपाट आतल्या खोलीत नेऊन अंथरलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आतमध्ये उजेड कुठाय?" तर म्हणाल्या, "पुरस माले." पुरतो मला.

आणि कुणी विचारलंही नाही. तेच लोक, जे मशीन टेकवण्याआधी आक्का आहेत का म्हणायचे, ते आता सरळ माझ्याशी बोलायला लागले. मास्तर आले, रिक्षावाला आला. आतल्या दाराकडे एकदा बघायचे आणि नजर वळवायचे. दसऱ्याला दुकानातल्या हत्यारांची पूजा मांडली तेव्हा आक्का उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. हळदीकुंकवाचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं आणि हात मागं घेतला. मनगट मोकळं. मला एकदम राग आला, कुणाचा ते मात्र ठरवता येईना.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. बिघाड कुठं आहे आणि दिसतोय कुठं, यात गल्लत करायची नाही. पडदा काळा आहे म्हणजे पडदाच बिघडला असं नसतं. आता मला सांगा, जेठांच्या छातीत दुखलं आणि आक्कांच्या बोटातलं यश गेलं? कुठली तार कुठं नेऊन जोडली आहे या लोकांनी? त्या बोटात यश नव्हतं असं मी वर्षानुवर्षं ओरडत होते, तेव्हा माझं ऐकलं नाही कुणी. आणि आता कुणीच न सांगता सगळ्यांना एकदम पटलं, ते असल्या कारणानं.

तो मोसम तसाही वेड्यासारखा होता. जुनी विंडोज आता कंपनी बघणार नाही, नवी टाकून घ्या, अशी आवई उठली होती. रोज पडद्यावर सूचना यायच्या आणि माणसं घाबरून मशीन उचलून आणायची. "ताई, दिवाळीनंतर बंद पडणार का हे?" मी सांगायची, बंद पडत नाही, फक्त आता त्याला नवं औषधपाणी मिळणार नाही. काही मशिनं नवी विंडोज घ्यायलाच तयार नसायची, तुमचा प्रोसेसर जुना आहे म्हणून सरळ नकार. काहींना हार्ड डिस्कच सापडायची नाही, मग त्या डिस्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून आधी द्यावा लागायचा. काही अर्ध्यावर जाऊन गोल गोल फिरत बसायची. मी एकावेळी चार-चार मशिनं लावून बसायची आणि प्रत्येकाचं बटण आता मीच दाबत होते. सुरू होत होती. माझ्या हातानं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि एकही माणूस म्हणाला नाही की तुमच्या हाताला यश आहे. म्हणायचे, "झालं? बरं." मला जे हवं होतं ते समोर होतं आणि त्याला चव नव्हती. शेजारी गमाचा वास नव्हता. हेवा करायला समोर माणूस लागतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यात कांतीभाईंचं मशीन आलं. त्यांना नवी विंडोज हवी होती, आणि त्यासाठी नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, सगळं नवं. फक्त कॅबिनेट तेच ठेवायचं. "बेन, ए डब्बो मारो लकी छे." हा डबा माझा लकी आहे. त्या डब्यावर दरवर्षीच्या मुहूर्ताचे साथिये एकावर एक चढून पुढचा पत्रा तांबडा झाला होता. आमच्याकडे माणसं सगळं बदलतात, डबा बदलत नाहीत. मी नवा बोर्ड जुन्या डब्यात बसवला, विंडोज टाकायला घेतली आणि दुखणं सुरू झालं. कधी विंडोज निम्म्यात जाऊन निळा पडदा. कधी सरळ बंद. कधी पंखा एक गिरकी घेऊन थांबायचा आणि पुन्हा हूं नाही की चूं नाही. कधी मात्र शहाण्यासारखं चालायचं, दुपारभर. असलं कधी आहे कधी नाही असं दुखणं सगळ्यात वाईट. रॅम बदलून पाहिली, एकेक करून लावली. पॉवर सप्लाय बदलला. पंचिंगचं सॉफ्टवेअर चालवणारी ती बोटभर चावी, डोंगल, तीसुद्धा काढून ठेवली. फरक नाही. आणि लाभपाचम डोक्यावर.

शेवटी वैतागून सगळं बाहेर काढलं आणि बोर्ड आमच्या जेवायच्या पाटावर मांडला. लाकडी पाटावर विजेचा धोका नसतो. तिथं तो बोर्ड काय चालला म्हणता, विंडोज एका दमात चढली. पुन्हा डब्यात घातला, पुन्हा बंद. म्हणजे खोट डब्यात. मी रिकामा डबा उजेडाला धरला, मागच्या पत्र्यावर जमलेला तूस-कुंकवाचा घट्ट थर स्क्रूड्रायव्हरनं खरवडला, आणि खालून निघाली एक पितळी खुंटी. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून अशा खुंट्या लावतात. जुन्या बोर्डाला तिथं भोक होतं, नव्याला नव्हतं. ती खुंटी नव्या बोर्डाच्या पाठीला खालून टोचत होती आणि डबा जरा हलला की आतल्या आत वीज भलतीकडे जात होती. थरानं झाकलेली, म्हणून मला दिसली नाही. खुंटी काढली, बोर्ड बसवला. मशीन चाललं. पण मी डबा हलवून, आडवा करून, पुन्हा पुन्हा बघत राहिले. अशा दुखण्यावर विश्वास लवकर बसत नाही.

मशीन पोचवलं त्याच दिवशी कांतीभाई ऑफिसच्या दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "बेन, आ वखते तमे ज बटण दबावजो. आक्कानुं तो... समजो ने." या वेळी तुम्हीच बटण दाबा, आक्कांचं तर समजतंच ना तुम्हाला.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. पहिला पेढा, साडी, पुढं उभं राहणं, सगळं डोळ्यांसमोर आलं. रिक्षात बसले तेव्हा हसू आवरत नव्हतं. पण रिक्षा लिंबायतात वळली तोवर तोंड कडू झालं होतं. हे मला आक्कांकडून जिंकून हवं होतं. कांतीभाईंनी एक दिवस माझ्याकडे वळून म्हणावं की अरे, खरं काम तर हिचं, हे हवं होतं. आणि मिळालं काय, तर आक्कांच्या हातातून गळून पडलेलं. तेही जेठांच्या मरणानं. माझ्या कामाचं त्यात नाव नाही. उद्या माझ्यावर अशीच वेळ आली तर माझंही बोट काढून तिसऱ्या कुणाला देतील. असली उष्टी जागा घेऊन मी काय करू?

आक्का आत टिकल्या लावत होत्या. मी चप्पल न काढताच म्हटलं, "लाभपाचमला कांतीभाईंकडे जायचंय. तुम्ही येताय."

"मी नही येवाव," त्या म्हणाल्या. मी नाही येणार. "लोके काय म्हनतीन?"

"लोक काय म्हणायचंय ते म्हणू देत. बटण तुम्ही दाबायचं."

"येडी शे का तू? आते तू दाब. तुनंच काम शे ते." तुझंच काम आहे ते.

इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मला फुकटात नको आहे. इतकी वर्षं मी तुमच्यावर जळले, आक्का. तुमच्या या हातावर. रोज जळले. आणि आता तुम्ही इथं अंधारात येऊन बसलात तर मी कुणावर जळू?"

मला वाटलं रडतील, नाहीतर रागावतील. त्यांनी हातातली टिकली नीट जागेवर चिकटवली, बोटानं दाबली. मग म्हणाल्या, "माले माहीत शे." मला माहीत आहे. "पैल्लेपासून माहीत शे. तू जळे म्हनीसन तं माले मजा ये."

म्हणजे मी जळायचे म्हणून बाईंना मजा यायची. पेढा चवीनं का खायच्या ते मला तेव्हा कळलं. मी उंबऱ्यावर बसकण मारली आणि आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता आक्कांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मग बराच वेळ थांबलं नाही. मी तिथंच बसून राहिले. शेवटी त्यांनीच पदरानं तोंड पुसलं. "चाल मंग," म्हणाल्या.

कांतीभाईंना मी फोनवर सांगून टाकलं. आक्का दाबणार असतील तर मी येते, नाहीतर मशीन तुमचं, बटणही तुमचं, दाबा तुम्हीच. ते म्हणाले, "लोको शुं केशे, बेन?" लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तेच जे आजवर म्हणत आले, हात आक्कांचाच. माणूस वाईट नाही तो. "आवो," म्हणाला. या.

मुहूर्ताच्या सकाळी ऑफिसात सगळे डिझायनर, दोन-तीन शेजारचे शेठ, कांतीभाईंच्या घरच्या बायका. आक्का फिक्या साडीत आल्या तशा एक-दोन बायका बाजूला सरकल्या. पूजेवाल्यानं त्या लकी डब्यावर नवा साथिया काढला, फुलं वाहिली, आणि मला समजायच्या आत कुणीतरी डबा उचलून टेबलाच्या मधोमध सरकवला. हलवला. तोच डबा, तोच बोर्ड, आणि हलवला. खुंटी काढली होती, पण दुसरी कुठं असली तर? एखादा स्क्रू आत घरंगळला असला तर? आज हे मशीन थंड राहिलं तर कुणी खुंटी-बिंटी विचारणार नव्हतं. सगळ्यांनी आक्कांच्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं असतं आणि आक्का आतल्या खोलीतून पुन्हा कधी बाहेर आल्या नसत्या. ज्या हातावर मी जन्मभर अपयश चिंतलं तो हात आज खरा ठरावा म्हणून मी, देव न मानणारी बाई, मनातल्या मनात सगळे देव आठवत होते.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. आणि थांबला.

कुणीतरी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. आक्कांचं बोट बटणापाशीच राहिलं. वीज तोडून पुन्हा जोडली की नवे बोर्ड रॅम ओळखताना कधीकधी एकदा थांबून पुन्हा उठतात, हे मला माहीत होतं. पण त्या दुखण्यातही तो असाच थांबत होता, हेही माहीत होतं. कांतीभाईंच्या घरच्या एका बाईनं हळूच तोंडाला पदर लावला. मला ओरडावंसं वाटलं की थांबा जरा, अजून काही संपलेलं नाही.

मग पंखा पुन्हा फिरला, आणि या वेळी फिरत राहिला. एक बारीक बीप. पडदा उजळला, विंडोज आली, आणि थोड्या वेळानं पंचिंगचं सॉफ्टवेअर डोंगल ओळखून उघडलं, पडद्यावर कोयऱ्यांची अर्धवट वेल.

कांतीभाईंनी दोन्ही हात जोडले. "जोयुं? हाथ तो आक्कानो ज." बघितलंत? आणि मग सगळेच बोलायला लागले, हो हो, हात आक्कांचाच, असा हात नशिबानं मिळतो. मघाशी तोंडाला पदर लावलेली बाई पेढ्यांचं ताट घेऊन पुढं आली आणि पहिला पेढा आक्कांच्या हातावर ठेवला. आक्कांनी माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, तो तोंडात टाकला. खुंटीबद्दल कुणी विचारलं नाही. पाटाबद्दल नाही, रॅमबद्दल नाही, माझ्या कापलेल्या बोटांबद्दल नाही. कांतीभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, चा पीशो?" आणि माझ्या आत असं काही पेटलं की काय सांगू. जेठ गेल्यापासून पहिल्यांदाच मी आक्कांवर जळले, अगदी पोटभर.